निवृत्तीआधीचा तिसरा डोस

"वहिनी, यंदाच्या स्मरणिकेत तुमच्या आजारपणावर दोन पानं लिहा," दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष पिंगळेसाहेब मला म्हणाले. "पण पॉझिटिव्ह लिहा. मंडळाच्या आरोग्य शिबिराचा उल्लेख आला तर उत्तमच."

लिहिते आहे. शिबिराचा उल्लेखही येणार आहे.

ज्यांच्या घरात मूत्रपिंडाचा आजार शिरला आहे त्यांना थोडा उपयोग व्हावा, हे लिहिण्याचं एक कारण. दुसरं कारण लपवण्यात अर्थ नाही. मला सूड घ्यायचा आहे. मुलीला, सईला, हे सांगितलं तर ती म्हणाली, "सूड म्हणजे बदला ना? आई, यार, तू आत्ता कुठे बरी होतेयस." मी म्हटलं, म्हणूनच. आजारी असताना अंगात तेवढी ताकद नव्हती.

*

सुरुवात पायांपासून झाली. संध्याकाळी चपलांचे पट्टे पायांत रुतायचे. मी एका मंत्रालयाच्या ग्रंथालयात नोकरी करते. बसून बसून सूज येत असेल, असं माझं मीच ठरवलं. मग सकाळीही चेहरा सुजलेला दिसायला लागला तेव्हा दिलीप, माझा नवरा, मला नोएडाच्या एका हॉस्पिटलात घेऊन गेला. तिथल्या किडनीच्या डॉक्टर मॅडम लखनौच्या. आवाज अगदी मऊ आणि त्या आवाजात सांगतात ते सगळं कठीण.

"आपकी किडनियाँ थक गई हैं," त्या म्हणाल्या.

"आराम दिला तर?" मी हिंदीत विचारलं.

"ये वाली थकान आराम से नहीं जाती."

मेट्रोने मयूर विहारला परत येताना दिलीपने रिपोर्टचं पाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं, जणू सीलबंद निविदा आहे आणि वाटेत कोणी उघडली तर नोकरी जाईल. स्टेशनबाहेर तो सवयीने म्हणाला, "चहा घेऊ या?" आणि आम्ही दोघंही थांबलो. चहा चालतो का, हे विचारायचं राहून गेलं होतं. त्या टपरीसमोर बराच वेळ आम्ही उभे होतो. निदानाचा दिवस म्हटलं की मला डॉक्टरांचं वाक्य आठवत नाही, ती टपरी आठवते. बाकी सगळे पीत होते आणि आम्ही बघत होतो.

*

उपाय एकच होता, दुसऱ्याची किडनी. दिलीपला मधुमेह, म्हणून तो बाद. माझी धाकटी बहीण विद्या नाशिकला शाळेत शिकवते. तिचं रक्त जुळलं, बाकीचंही जुळलं. मी तिला मागायच्या आधीच ती म्हणाली, "ताई, मे महिन्याच्या सुट्टीत येते. शाळेला कळायच्या आत शिवून परत." तिच्या शाळेत एरवी लांब रजा म्हणजे नोकरीवर पाणी. तिच्या सासरीही फार उत्साह नव्हता. पण सुट्टी म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

मॅडमची एक अट होती. ऑपरेशनच्या आधी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तीनही डोस पूर्ण व्हायला हवेत. नवी किडनी टिकावी म्हणून नंतर जी औषधं देतात ती शरीराचा पहारा ढिला करतात. पहारा ढिला झाल्यावर लस देऊन फारसा उपयोग होत नाही. कावीळ शिरली तर नवी किडनीही जाते आणि माणूसही.

"पहला अभी अक्टूबर में, दूसरा एक महीने बाद, तीसरा पहले से छह महीने पर," मॅडमनी बोटांवर मोजून दाखवलं. "अप्रैल में तीसरा, मई में टेस्ट, फिर ऑपरेशन. सही बैठ रहा है."

सगळं व्यवस्थित बसत होतं. आणि तेवढ्यात आमच्या मंडळाने लसीकरण शिबिर जाहीर केलं.

*

पिंगळेसाहेब केंद्र सरकारातून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आणि तेव्हापासून आमच्या मंडळाचे अध्यक्ष आहेत. दिलीप एकेकाळी त्यांच्या हाताखाली होता. अजूनही फोनवर त्यांचा आवाज आला की तो उभा राहून बोलतो.

शिबिर हिपॅटायटिस बीचंच होतं. लस तीच, आमच्या सोसायटीच्या हॉलमध्येच. हॉस्पिटलच्या गर्दीत जायला नको म्हणून मॅडमनीही होकार दिला आणि चिठ्ठी लिहून दिली की मला दोन्ही दंडांवर दुप्पट डोस द्यावा. ऑक्टोबरचं शिबिर नीट पार पडलं. नीट म्हणजे दीपप्रज्वलन, स्वागतगीत, तीन भाषणं, शाल, श्रीफळ आणि मग लस. बर्फाची पेटी तोवर स्टेजच्या मागे वाट पाहत होती. नोव्हेंबरचा दुसरा डोसही वेळेवर झाला. तिसरा एप्रिलमध्ये.

जानेवारीत एका सकाळी, बाहेर धुकं इतकं की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, पिंगळेसाहेब घरी आले.

"वहिनी, आनंदाची बातमी. तिसरा डोस प्रीपोन केलाय. याच महिन्यात."

"का?"

त्यांनी एका सचिवांचं नाव घेतलं. मराठी माणूस, मोठं खातं. तिसऱ्या शिबिराचे मुख्य पाहुणे म्हणून ते मोठ्या मुश्किलीने कबूल झाले होते. आणि एकतीस जानेवारीला ते निवृत्त होत होते.

"पण एप्रिलमध्ये ते दिल्लीत असतीलच की," मी म्हटलं.

पिंगळेसाहेबांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं. "असतील हो वहिनी. पण कोण म्हणून?"

दिल्लीत माणूस पंचांग बघत नाही, निवृत्तीची तारीख बघतो.

"पण मला सहा महिने सांगितलेत. हे जेमतेम तीन होतात."

"तुमच्या डॉक्टरबाईंशी मी स्वतः बोललोय. त्या म्हणाल्या, बिल्कुल चालेल. अहो, काम वेळेआधी झालं म्हणून कधी कोणाला मेमो मिळालाय का?"

मी दिलीपकडे पाहिलं. "सर बोललेत म्हणजे..." दिलीप म्हणाला आणि वाक्य तिथेच सोडलं. पिंगळेसाहेबांसमोर सगळे वाक्य तिथेच सोडतात.

*

तिसरं शिबिर पाहण्यासारखं झालं. सचिवसाहेब एक तास उशिरा आले आणि वेळेचं महत्त्व या विषयावर बोलले. पहिला डोस स्टेजवर, आणि तो मला, कारण मी 'लाभार्थी' होते. शाल, स्वेटर, ब्लाउजची बाही असं सगळं सोलत मी दंड मोकळा केला. लस टोचणाऱ्या सिस्टरला फोटोग्राफरने बाजूला व्हायला सांगितलं. टोचून झाल्यावर त्या खाली वाकल्या, सचिवसाहेबांनी माझ्या दंडावर कापूस धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसले. दुसऱ्या दंडाचा फोटो काढला नाही, एकाच बाजूने उजेड बरा होता. मग पिंगळेसाहेबांनी स्वतः बाही वर केली. त्यांचाही तिसरा डोस, त्यांचाही फोटो. त्यांच्यामागोमाग हॉलमधले सगळे सभासद.

महिनाअखेर सचिवसाहेब निवृत्त झाले आणि पुण्याला गेले. त्यानंतर मंडळात त्यांचं नाव कोणी काढलं नाही.

फेब्रुवारीत हॉस्पिटलात गेले तर मॅडम रजेवर. एका तरुण डॉक्टरने मान वर न करता लसींबद्दल विचारलं, "टीके पूरे?"

"जी, तीनों."

त्याने फाइलवर खूण केली. पुढे प्रत्येक वेळी ती खूण तिथेच होती. किती झाले, हे विचारलं गेलं. केव्हा झाले, हे कोणी विचारलं नाही.

*

मे महिन्यात विद्या आली. एका बॅगेत कपडे, दुसऱ्या बॅगेत चिवडा, लाडू आणि माझ्यासाठी मनुका. मनुका मला बंद होत्या, पण ते मी तिला सांगितलं नाही. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या सुरू झाल्या. लसीने रक्तात किती पहारा उभा केला आहे हे बघायची एक तपासणी असते. ती बघून मॅडमनी चष्मा काढला.

"तीसरा कब लगा था?"

तारीख मला आठवेना. मी हिशोब लावला. "सचिवसाहेब एकतीस जानेवारीला निवृत्त झाले. त्याच्या आधीच्या रविवारी."

"ये कौन-सा कैलेंडर है?" मॅडम म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या. "जनवरी में किसने कहा था?"

"तुम्हीच. आमच्या अध्यक्षांनी तुम्हाला फोन केला होता ना?"

"मुझे किसी का फोन नहीं आया."

विद्या माझ्या शेजारी बसली होती, तिने माझा हात धरला. मग मॅडमनी शांतपणे समजावलं. पहिल्या दोन डोसांत शरीर धडा शिकतं. तो मुरायला वेळ लागतो. तिसरा डोस तो मुरल्यावर द्यायचा असतो. "देर से लगता तो चल जाता. जल्दी वाला गिनती में ही नहीं आता. दोबारा लगेगा, फिर रुकेंगे, फिर टेस्ट. बिना बचाव के मैं आपको टेबल पर नहीं लूँगी."

"जूनमध्ये हिची शाळा सुरू होते," मी म्हटलं.

शाळेचं वेळापत्रक मॅडमच्या हातात नव्हतं. सचिवांच्या निवृत्तीचंही नव्हतं.

त्याच दिवशी मला पुन्हा दोन्ही दंडांवर लस मिळाली. या वेळी कापूस मीच धरला.

*

विद्या जूनमध्ये परत गेली. स्टेशनवर तिच्या नवऱ्याचा फोन आला, तो मला शेजारी उभ्या उभ्या ऐकू येत होता. "सुट्टी फुकट गेली. पुन्हा जाणार असशील तर आईशी तूच बोल." तिने फोन बंद केला आणि म्हणाली, "ताई, किडनी काय फ्रीजमध्ये ठेवलेली नाही, माझ्यातच आहे. दिवाळीत घेऊन येते."

गाडी गेल्यावर मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. तोवर भीती आजाराची होती. आता भीती अशी की माणसं चार महिन्यांत बदलतात. तिच्यावर माझा काही हक्क नव्हता. उद्या ती नाही म्हणाली तर मी तिला दोषही देऊ शकत नव्हते, आणि पिंगळेसाहेबांना दिलेला दोष काही डायलिसिसच्या मशीनचं काम करणार नव्हता.

मशीन लागलंच. त्याच महिन्यात डायलिसिस सुरू झालं.

ज्यांना पुढे हे करावं लागणार आहे त्यांच्यासाठी सांगते. दुखणं सहन होतं. तहान सहन होत नाही. दिल्लीचा जून, आणि दिवसाचं पाणी एका छोट्या बाटलीत. मी बर्फाचे तुकडे चोखायचे. टीव्हीवर शीतपेयाची जाहिरात लागली की सई चॅनेल बदलायची. आठवड्यातून तीनदा रक्त बाहेर जायचं आणि धुऊन परत यायचं. घरी आल्यावर पिळून वाळत टाकलेल्या कपड्यासारखं वाटायचं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर गाझियाबादचे गुप्ताजी असायचे. त्यांचं होजिअरीचं दुकान. मी त्यांना सगळी हकीगत सांगितली.

"बहनजी, आपने उस आदमी को अब तक कुछ किया नहीं?"

"अजून ठरलं नाही."

"सोचिए, सोचिए. यहाँ चार घंटे और करना क्या है? मैं तो अपने साढ़ू के बारे में सोचता हूँ. गुस्से से मशीन पर बीपी नहीं गिरता."

त्यांचा सल्ला वैद्यकीय नव्हता, पण गुण आला. मी विचार केला. पिंगळेसाहेबांना त्यांच्याच भाषणाची ध्वनिफीत चार तास ऐकवावी. दिल्लीच्या मेमध्ये त्यांना शाल पांघरून बसवावं आणि मुख्य पाहुणे येईपर्यंत पाणी देऊ नये. मुख्य पाहुणे बोलावूच नयेत. एकदा गुप्ताजींची खुर्ची रिकामी दिसली. कोणाला विचारायचं धैर्य झालं नाही. पुढच्या वेळी ते हजर. भाचीच्या लग्नाला मेरठला गेले होते, रबडीही खाल्ली होती. मॅडम त्यांना रागावत होत्या, मला मात्र इतका आनंद झाला की मीच रडले.

*

ऑगस्टमध्ये पिंगळेसाहेब मला भेटायला हॉस्पिटलात आले. बरोबर मंडळाचा फोटोग्राफर आणि फळांची टोपली. टोपलीवर चकचकीत कागद आणि लाल रिबन. आत केळी, संत्री, आंबे आणि वर एक शहाळं. किडनीच्या पेशंटला जी फळं बंद असतात ती सगळी, एकही चुकवलेलं नव्हतं.

दिलीप माझ्या पायाशी खुर्चीवर बसला होता. पिंगळेसाहेब आत आले, समोर उभे राहिले, थांबले. दिलीप उठला नाही. "या," एवढंच म्हणाला. लग्नानंतर मला नवऱ्याचा इतका अभिमान दुसऱ्या कशामुळे वाटला असेल तर आठवत नाही.

"साहेब," मी विचारलं, "तुम्ही माझ्या डॉक्टरांशी बोलला होतात?"

"अहो, बोलणारच होतो. तेव्हा पाहुण्यांच्या गडबडीत... पण चालतं म्हणूनच केलं ना? सगळ्यांनी घेतला, मीही घेतला. कोणाला काही झालं का?"

"मला झालं."

"वहिनी, असे निगेटिव्ह विचार किडनीला चांगले नाहीत." मग ते फोटोग्राफरकडे वळले. "हं, टोपली जरा पुढे."

टोपली गुप्ताजींनी मागितली. मी दिली नाही, त्यांच्यावर माझा जीव होता. दिलीपने ती खाली गेटवरच्या गार्डना दिली.

*

लस या वेळी लागू पडली होती. मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि पहिल्यांदा हसल्या. "अब आपकी बहन को बुलाइए."

मी फोन उचलून पुन्हा खाली ठेवला. असं दोनदा झालं. शेवटी फोन विद्याचाच आला.

"ताई, दिवाळीचं तिकीट काढलंय. सासूबाईंनाही सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, फराळ करून ठेव आणि मग जा. दोन दिवस चकल्या तळतेय मी. ऑपरेशन त्या मानाने सोपं जाईल."

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही, आणि आठवण्यासारखं तिथे काही नसतंच. शुद्धीवर आले तेव्हा दिलीप कोणालातरी फोनवर मोठ्याने सांगत होता, "हो हो, लघवी होतेय! भरपूर होतेय!" नर्सने त्याला बाहेर काढलं. दुसऱ्या खोलीतून विद्याने निरोप पाठवला: माझी किडनी नीट वापर, ती नाशिकची आहे, तिला प्रदूषणाची सवय नाही.

काही दिवसांनी मॅडम म्हणाल्या, आता पाणी प्यायचं, हवं तेवढं, हवं त्याहून जास्त. सईने ग्लास भरून दिला. मी तो सावकाश प्यायले आणि तिला म्हटलं, अजून एक.

*

आता शिबिराबद्दल.

बरी झाल्यावर मी सर्वांत आधी मंडळाच्या सभासदांना फोन केले. स्मरणिकेची संपादक म्हणून सगळे मला ओळखतात. त्या जानेवारीच्या शिबिरात ज्यांनी ज्यांनी तिसरा डोस घेतला त्या प्रत्येकाला सांगितलं की तो वेळेआधीचा होता, आपापल्या डॉक्टरांना विचारून पुन्हा घ्या. सुदैवाने बाकी कोणाला त्याची तातडी नव्हती. बहुतेकांनी घेतला. काहींनी पिंगळेसाहेबांबद्दल जे शब्द वापरले ते स्मरणिकेत छापता येत नाहीत, मी संपादक असूनही.

एका माणसाला मात्र मी फोन केला नाही. त्यांना बाकी कोणी सांगितलं असेल असंही मला वाटत नाही, कारण त्यांच्यासमोर कोणाचं वाक्य पूर्ण होत नाही.

तुमच्यापैकी कोणावर अशी वेळ आली तर माझं एवढंच सांगणं. डोस किती झाले हे लक्षात ठेवा, पण केव्हा झाले हे आधी. उशीर झाला तर डॉक्टर वाट काढतात, घाई झाली तर तुम्हाला वाट पाहावी लागते. आणि कोणी म्हणालं की मी तुमच्या डॉक्टरांशी बोललोय, तर तिथल्या तिथे डॉक्टरांना फोन लावा, समोरचा माणूस कोणत्याही पदावरून निवृत्त झालेला असो.

हा लेख मी पिंगळेसाहेबांना दाखवला. त्यांनी पानं उलटली, मंडळाचा उल्लेख आहे ना विचारलं, आहे म्हटल्यावर "छान" म्हणाले आणि परत दिला. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात अंकाचं प्रकाशन त्यांच्याच हस्ते आहे. रिबन सोडून, अंक छातीशी धरून ते फोटो काढून घेतील. ते स्मरणिका वाचत नाहीत, फक्त स्वतःचा फोटो शोधतात. म्हणून त्यांचा बाही वर केलेला फोटो मी मुद्दाम या पानासमोर लावला आहे.

साहेब, तुमचाही तिसरा डोस बाद आहे. पुन्हा घ्या. तारीख डॉक्टरांना ठरवू द्या.